बेपत्ता माणसाची बायको

२१ जानेवारी २०२५, मंगळवार

ही वही क्लिनिकमध्येच ठेवायची असं ठरवलंय. घरी नको. सासूबाईंना, म्हणजे अम्मींना, फक्त उर्दू वाचता येतं. पण अरीबा हिंदी शाळेत आठवीत आहे, लिपी तीच, आणि चौदा वर्षांची मुलगी आईचं काय काय वाचू शकते ते मला ठाऊक आहे.

आज इद्रीस पटेलांनी लग्नाचं विचारलं. मला नाही, क्लिनिकच्या निशिगंधा मॅडमना. जेवणाच्या सुट्टीत मॅडमनी आत बोलावलं आणि म्हणाल्या, "तहसीन, बस. नौकरीचं काही नाहीये, घाबरू नको." मग सांगितलं. तुमच्याकडे काम करणाऱ्या तहसीनजींच्या घरी मोठं माणूस कोण, निरोप कुणाकडे न्यायचा, असं ते विचारत होते म्हणे. रीतीनं विचारत होते.

इद्रीस पटेल वर्षभर दर मंगळवारी आणि शुक्रवारी सिमरोल गावाहून वडिलांना, हाजी साहेबांना, घेऊन येतात. त्यांची डावी बाजू लकव्यानं गेली होती. आता वॉकर धरून चालतात. इद्रीस तिथल्या मोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आहेत. बायको कोविडमध्ये गेली, मूल नाही. वडिलांचे व्यायाम मी एकदा दाखवले की ते स्वतः करून बघतात, जमिनीवर पडून, सगळ्यांसमोर. लाजत नाहीत.

मी मॅडमना म्हटलं, माझं लग्न झालेलं आहे.

 मॅडम नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं.

मला राग यायला हवा होता. आला नाही. आज मंगळवार आहे हे लक्षात ठेवून मी सकाळी काजळ घातलं होतं. हे इथे लिहिलं, आणखी कुठे बोलणार नाही.


२३ जानेवारी

मी कोण आहे हे एकदा नीट लिहून काढते, म्हणजे डोकं शांत होईल.

मी मिरजेची, अत्तारांची तहसीन. लग्न करून इंदौरला आले, छत्रीबागेमागच्या गल्लीत, मन्सूरींच्या घरी. नवरा मुजीब आणि थोरले दीर लियाकत भाईजान, दोघांचं मोटर वाइंडिंगचं दुकान. आठ वर्षांपूर्वी मुजीब तांब्याची तार आणायला रतलामला जातो म्हणून निघाला आणि परत आला नाही. मोटरसायकल महूच्या स्टेशनवर स्टँडला लावलेली सापडली. रतलामला जाणारा माणूस महूला कशाला जाईल, ते कुणाला सांगता आलं नाही.

गुमशुदगीची तक्रार भाईजाननीच लिहवली. दोन-तीन वर्षं ठाण्यात चकरा मारल्या. मग एकदम थांबले. मी विचारलं तर म्हणाले, अब अल्लाह पर छोड़ दे. थकले असतील. अम्मीही आधी इतक्या रडायच्या की शेजारणी येऊन बसायच्या. मग त्यांचंही रडणं आटलं. माझी आई म्हणते, माणसाचं पाणीच संपतं.

पप्पा मला न्यायला आले होते. अम्मींनी अरीबाचा फ्रॉक मुठीत धरून ठेवला, सोडलाच नाही. मी राहिले. नंतर मी फिजिओथेरपीचं अर्धवट सोडलेलं शिक्षण पूर्ण केलं तेव्हा पोरगी अम्मींनीच सांभाळली. बहू नौकरी करते म्हणून गल्लीत बोललं गेलं, तर अम्मी दारात उभ्या राहून भांडल्या. हे मी विसरता कामा नये.

तर मी कोण? बेवा नाही. तलाकशुदा नाही. नवरा असलेलीही नाही. दवाखान्याच्या कागदावर जिथे पतीचं नाव लिहायचं असतं तिथे माझा पेन अजून थांबतो.


३ फेब्रुवारी

काल रविवारी भाईजान आले होते. अम्मी आत नमाज पढत होत्या. मी हिंमत करून विचारलं की आठ वर्षं झाली, आता कायद्यानं माझं काही ठरवून घेतलं तर चालेल का. इद्रीसचं नाव काढलं नाही.

भाईजानच्या हातातला कप बशीवर वाजला. माझ्याकडे न बघता म्हणाले, जल्दी क्या है. मग म्हणाले, अरीबाची दहावी होऊ दे. मग उठले, आणि चप्पल घालताना डावी उजव्या पायात घातली.

बिचारे. भावाचं नाव निघालं की अजून असे होतात. मला अपराधी वाटलं.


७ फेब्रुवारी, शुक्रवार

इद्रीसनी शेतातले गराडू, तळून खायचे कंद, आणले, पिशवीभर. मॅडमना अर्धे, मला अर्धे. लग्नाचा विषय काढला नाही. जाताना एवढंच म्हणाले की तुम्ही नाही म्हणालात तरी अब्बा मंगळवारी येतीलच, व्यायाम बंद करू नका.

घरी आले तर अम्मींचा मोबाइल वाजत होता आणि त्या नमाजाआधी हातपाय धूत, वजू करत होत्या. मी उचलला. हॅलो म्हटलं. पलीकडे कुणीतरी होतं, श्वास ऐकू येत होता, पण बोललं नाही. मग कट. हे पहिल्यांदा नाही. वर्षा-दोन वर्षांत असं कितीदा तरी झालंय. पण आज नाही नाही ते मनात आलं. कुणाला कळलं असेल का? सिमरोलहून कुणी चौकशी करत असेल? आवाज ऐकून बाई कशी आहे ते बघत असेल?

अम्मींना सांगितलं तर म्हणाल्या, रॉन्ग नंबर होगा, बेटा. शांतपणे. मला त्यांच्यासारखं व्हायला हवं.


१४ फेब्रुवारी

काल शबे-बरात. हलवा केला, रव्याचा आणि चण्याच्या डाळीचा. फातिहाच्या वेळी घरातल्या गेलेल्यांची नावं घेतात. सासरे, त्यांचे आई-वडील, अम्मींची बहीण. अम्मी एकेक नाव सांगत होत्या आणि भाईजान पढत होते. यंदा मी हळूच म्हटलं, अम्मी, मुजीबचं नाव?

अम्मींनी माझं तोंड हातानं दाबलं. खरंच दाबलं, जोरात, हलव्याच्या हातानं. अरीबा बघत राहिली. मग हात काढून म्हणाल्या, ज़िंदा का नाम नहीं लेते.

आईचं काळीज. आठ वर्षांनीसुद्धा मेल्याचं मानत नाही. आणि मी? मी नाव घ्यायला निघाले होते, कारण ते नाव त्या यादीत असतं तर मी मोकळी असते. असं मनात आणणारी बाई नमाजला उभी राहते आणि अल्लाह तिचं ऐकतो, असं मी कशाला धरून चालते?


२० फेब्रुवारी

मॅडमच्या ओळखीच्या यामिनी वकिलांकडे गेले. क्लिनिकच्याच राजेंद्र नगरमध्ये, मागच्या कॉलनीत. मराठीत बोलता आलं म्हणून बरं वाटलं. त्यांनी सांगितलं की नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल तर मुसलमान बाईला कोर्टात निकाह तोडून मागता येतो. कायदा जुना आहे, तुम्हाला कुणी सांगितला कसा नाही, असं त्याच मला विचारत होत्या.

एक अडचण. नवऱ्याच्या भावाला त्यात पार्टी करावंच लागतं. नोटीस जाणार. भाईजाननी येऊन सांगायचं की भाऊ कुठे आहे ते आम्हालाही माहीत नाही. "इतकंच तर आहे, फॉर्मॅलिटी," म्हणाल्या.

इतकंच तर आहे. मग मी कागद दोनदा का वाचला?

सही केली.


२४ फेब्रुवारी

अम्मींना सगळं सांगितलं. इद्रीसचंही. पायाशी बसून सांगितलं. वाटलं होतं रडतील, नाहीतर शाप देतील.  त्यांनी एवढंच विचारलं, भाईजानला कोर्टात कसम घ्यावी लागेल का? मी म्हटलं, हो, खरं सांगीन अशी.

मग अम्मी उठल्या आणि त्यांनी अरीबाचे वाळत घातलेले कपडे आणून घडी घालायला घेतले. ओलेच होते.


४ मार्च

रमजान सुरू झाला. नोटीस भाईजानना पोचली. यामिनी वकिलांचा फोन आला. तारीख ईदच्या आधीची आहे. भाईजान रोज इफ्तारीला आमच्याकडे खजूर आणि भजी पाठवायचे. काल काही आलं नाही, आजही नाही.


६ मार्च

निकहत भाभी, म्हणजे भाईजानची बायको, इफ्तारीच्या आधी येऊन बसल्या. अर्ज मागे घे म्हणाल्या. मी म्हटलं, भाभी, लोक बोलतील म्हणून? त्या म्हणाल्या, लोकांचं काही नाही, निकाह कर, खुशीनं कर, पण कोर्टात नको. मी विचारलं, कोर्टाशिवाय कसा होईल? तर एकदम चिडून म्हणाल्या, "तेरे भाईजान से इस महीने में झूठ..." आणि थांबल्या. पाण्याचा जग उचलला, ठेवला, अज़ानची वेळ झाली म्हणून निघून गेल्या.

झूठ. कसलं खोटं?

मी खजूर तोंडात धरून बसले होते. 


१० मार्च, सोमवार

आज पुन्हा तो फोन. अम्मी कुराण पढत होत्या. मी उचलला आणि म्हटलं, कौन है, बोलिए, मैं डरती नहीं हूँ. कट झाला नाही. उलट थांबून राहिला, जणू मी आणखी बोलावं अशी वाट बघतोय.  मी म्हटलं नंबर ब्लॉक करते, आणि करायलाच घेतला, तर अम्मी कुराण मिटून धावत आल्या. गुडघेदुखीची बाई, धावत. फोन माझ्या हातातून ओढून घेतला. रहने दे, कोई दुखी आदमी होगा, म्हणाल्या.

अम्मींचं वय होत चाललंय. दुपारी मी कामावर असते तेव्हा त्या एकट्याच बोलत असतात असं अरीबा म्हणते. दार लोटून. हसतातही कधीकधी. डॉक्टरला दाखवायला हवं. विसरण्याचा आजार असाच सुरू होतो असं मी वाचलंय.


१५ मार्च

जे लिहिणार आहे ते लिहू नये असं वाटतंय.

मुजीब गेला त्याच्या आधीच्या महिन्यात दोघा भावांचं दुकानावरून कडाक्याचं भांडण झालं होतं. मुजीबला वेगळं दुकान हवं होतं. तो गेला आणि दुकान भाईजानचं झालं. तपास भाईजाननी सुरू केला आणि भाईजाननीच थांबवला. माझ्या प्रश्नानं त्यांचा कप वाजतो. त्यांना कसम घ्यायची नाही. त्यांच्या बायकोच्या तोंडून झूठ शब्द निघतो. आणि कुणीतरी फोन करून गप्प राहतं. कुणीतरी, ज्याला काही माहीत आहे आणि सांगायचं धाडस नाही.

भाईजाननी आपल्या भावाला काही केलं असेल का?

ज्या माणसानं माझ्या मुलीला सायकल शिकवली. ज्यानं माझ्या पप्पांच्या मयतीला मिरजेपर्यंत गाडी चालवत नेली.

काल भाभींनी शीरखुर्म्यासाठी म्हणून सुका मेवा पाठवला. मी तो डबा उघडला नाही. अरीबाला शाळेतून मी स्वतः आणते आता. ती विचारते, मम्मी, झालंय काय? काय सांगू.


२० मार्च

काल रंगपंचमी. गेर, रंगाची मिरवणूक, निघते म्हणून अर्धं शहर बंद, क्लिनिकही बंद. रंगाचे टँकर गल्लीच्या तोंडाशी उभे होते, ढोल घरात ऐकू येत होता. अम्मी झोपल्या होत्या. मी गच्चीवर जाऊन इद्रीसना फोन केला. पहिल्यांदाच मी केला. रोज्यात परपुरुषाशी बोलतेय हेही मनात होतं, पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मी वेडी झाले असते.

सगळं सांगितलं. भांडण, कप, झूठ, फोन, कुराण मिटून धावणाऱ्या अम्मी. त्यांनी मध्येच एक विचित्र प्रश्न केला. अम्मी मुलासाठी शेवटच्या कधी रडल्या? मी म्हटलं, पाच वर्षं तरी झाली असतील, का? ते स्वतःशीच म्हणाले, पाँच साल. 

मग म्हणाले, "तहसीनजी, किसी पर इल्ज़ाम मत लगाइए. तारीख आने दीजिए. और जो भी निकले, मैं कहीं नहीं जा रहा."

जो भी निकले म्हणजे? मी विचारलं, पण त्यांनी सांगितलं नाही. ते आधीच माझी कीव केल्यासारखे बोलत होते. मला ते आवडलं नाही. आणि शेवटचं वाक्य मी खाली उतरेपर्यंत मनात म्हणत होते.


२५ मार्च, मंगळवार

काल तारीख होती. क्रमानं लिहायचा प्रयत्न करते.

फॅमिली कोर्टाच्या व्हरांड्यात भाईजान आधीच येऊन बसले होते. रोज्यानं ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. त्यांच्या वकिलानं जबाब टाइप करून आणला होता. भावाचा पत्ता मला माहीत नाही, अर्जाला हरकत नाही. यामिनी वकील माझ्या कानात म्हणाल्या, झालं, आता सोपं आहे. भाईजाननी सही केली की मी मोकळी. त्यांच्या वकिलानं पेन उघडून हातात दिला.

मी त्यांच्या हाताकडे बघत होते. या हातांनी काय केलं असेल, असा विचार करत होते. अल्लाह मला माफ करो.

भाईजाननी पेन टोपण लावून परत दिला. माझ्याकडे वळले आणि हात जोडले. थोरला दीर, धाकट्या भावजयीपुढे, भर कोर्टात.

"मैं दस्तख़त कर दूँ तो तेरा निकाह झूठ पर होगा. ये मुझसे नहीं होगा, तहसीन. मुजीब ज़िंदा है. बुरहानपुर में है."

नंतरचं मी बाकावर बसून ऐकलं. मधे कुणाची तरी केस पुकारली, लोक आमच्या पायांवरून गेले. मुजीब तिथल्या एका बाईसाठी गेला होता. तिच्याशी निकाह केला, दोन मुलगे आहेत, मोटर वाइंडिंगचंच दुकान आहे. त्या बाईला त्यानं सांगितलंय की पहिली बायको वारली. भाईजानना पाच वर्षांपूर्वी पत्ता लागला, ते जाऊनही आले. घरी येऊन आईला सांगितलं. आईनं त्यांना आपल्या डोक्यावर हात ठेवून कसम घ्यायला लावली की बहूला सांगायचं नाही.

मी विचारलं, आणि ते फोन?

तोच, म्हणाले. अम्मींशी बोलायला करतो.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहिते, कारण ते मी कुणालाच सांगणार नाही. निराशा. खून झालेला नव्हता. मी मनात मुजीबला मारून, पुरून, त्याच्यासाठी रडून झाले होते. आणि तो जेवत होता, दुकान उघडत होता, मुलांना शाळेत सोडत होता. इतकी वर्षं मी रोज नमाजनंतर एकच दुआ मागत आले, तो जिथे असेल तिथे सुखरूप असू दे. ती केव्हाच कबूल झालेली होती.


२६ मार्च

काल अम्मींशी बोलले. त्यांना भाईजानचा फोन आलेला असावा. मी आत गेले तेव्हा त्या पलंगाच्या कडेला, बाहेर जायचे कपडे घालून बसल्या होत्या. मी घराबाहेर काढीन असं त्यांना वाटलं असावं.

मी ओरडले नाही. मला वाटलं होतं मी ओरडेन. फक्त विचारलं, का?

अम्मी म्हणाल्या, "बेटा तो जा ही चुका था. बता देती तो तू भी चली जाती."

 सफाई दिली नाही, रडल्याही नाहीत. मी विचारलं, फोनवर त्याच्याशी काय बोलायचात? म्हणाल्या, तुमचंच. अरीबाचे मार्क सांगायचे. तुझ्या नौकरीचं सांगायचे. तो ऐकायचा.

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. मी टायफॉइडनं पडले तेही. अरीबा पहिली आली तेही. आणि मी उचलला की तो श्वास घेत उभा राहायचा. मी मरून गेले आहे असं ज्यानं जगाला सांगितलं तो माझा हॅलो ऐकायला थांबायचा.

मी इफ्तारी वेगळी केली. स्वयंपाकघरात उभ्यानं. बाहेर अम्मी आणि अरीबा दस्तरखानावर समोरासमोर बसल्या होत्या. अम्मींनी खजूर उचललाच नाही, मी येईन म्हणून थांबल्या होत्या. मी गेले नाही.

नंतर अरीबाला सांगितलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. रडेल असं वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "उनके पास मेरा फ़ोन नंबर भी था?"


२८ मार्च, शुक्रवार

रमजानचा शेवटचा जुम्मा. दुपारी फोन वाजला. अम्मी समोरच होत्या. त्यांनी फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि उचलून माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, मुजीब, मी तहसीन. पलीकडे तोच श्वास. मी म्हटलं, बोलू नका, तुम्हाला त्याची सवय आहे, नुसतं ऐका. ईदनंतर इंदौरला यायचं. काझीसाहेबांपुढे बसून मला मोकळं करायचं. नाही आलात तर माझ्या वकील बुरहानपूरला समन्स पाठवतील, आणि ते दुकानावर कुणाच्या हाती पडेल ते तुम्हीच बघा. तुमची मेलेली बायको तिथे जिवंत होईल.

  शब्द सगळे जागेवर पडले.

तो म्हणाला, "आऊँगा." इतक्या वर्षांनी ऐकलेला एक शब्द. आवाज ओळखीचा वाटलाच नाही.


२ एप्रिल

ईद होऊन गेली. शीरखुर्मा अम्मींनी केला, मी गळे मिळाले, पाठीवर हात ठेवला नाही. भाईजान आले, दारातच उभे राहिले, तर मी आत या म्हटलं. भाभींचा तो सुक्या मेव्याचा डबा मी कालच उघडला. त्यांना का सांगू की मला काय वाटलं होतं.

यामिनी वकील म्हणतात, तो आला नाही तरी चिंता नको, इतकी वर्षं खर्च दिला नाही, नांदवलं नाही, अर्ज बदलून टाकू, उलट केस पक्की आहे. पण मला झोप लागत नाही. तो आला नाही तर? आला आणि म्हणाला, मी सोडत नाही, चल बुरहानपूरला, तर? बाईचा हक्क असतो म्हणतात, पण हक्क मागायला जायला पाय लागतात.

मंगळवारी इद्रीस आले होते. मी विचारलं, तुम्हाला त्या दिवशी फोनवरच कळलं होतं ना? हो म्हणाले. मग सांगितलं का नाही? म्हणाले, माझा त्यात स्वार्थ होता. मी सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, हा माझं घर फोडतोय.

मला बरोबर उत्तर हवं होतं की खरं, ते माहीत नाही. दोन्ही मिळाली.


२२ एप्रिल

तो काल आला.

काझीसाहेबांच्या बैठकीत भाईजान, मी, यामिनी वकील, दोन साक्षीदार. मुजीब जाड झालाय. केस मेंदीनं लाल. माझ्याकडे एकदाच बघितलं. काझीसाहेबांनी विचारलं ते सगळं कबूल केलं, आणि खुला, बाईनं मागून घेतलेला तलाक, झाला. इतक्या पटकन की मी अजून ओढणी सावरत होते. यामिनी वकील म्हणाल्या, हाच कागद कोर्टात लावू, आता इद्दतीचे, पुन्हा निकाह करण्याआधीचे, महिने तेवढे थांब.

मी घरी आले, अरीबाला जवळ घेऊन बसले. वाटलं, संपलं. तेवढ्यात दार वाजलं.

"अम्मी, मैं हूँ."

अम्मी दाराशी गेल्या. मला त्यांची पाठ दिसत होती. त्यांचा हात कडीवर होता. तो बाहेरून पुन्हा म्हणाला, अम्मी. मुलाला त्यांनी इतक्या वर्षांत डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. कडी काढायला किती वेळ लागतो? पण त्या तशाच उभ्या राहिल्या आणि मान वळवून मला म्हणाल्या, "तू कहे तो खोलूँ."

त्या घरात मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

मी अरीबाकडे पाहिलं. ती उठली आणि गच्चीवर गेली. धावत नाही, हळू. मी अम्मींना म्हटलं, उघडा. आई आहात त्याच्या.

मी स्वयंपाकघरात राहिले. तो आत आला, पलंगावर बसला, रडला. अम्मींनी पाणी दिलं. डोक्यावरून हात फिरवला. रडणं थांबेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या की त्या बाईला घरी जाऊन खरं सांग, आणि यापुढे फोन केलास तर कुणीही उचलो, बोलायचं. गप्प राहायचं असेल तर करू नकोस. तो हो म्हणाला. अरीबाला भेटू का असं विचारलं. अम्मी म्हणाल्या, तिनं बोलावलं तर.

तो गेल्यावर अम्मी त्याचा ग्लास हातात घेऊन बसल्या.  मग माझ्याकडे न बघता विचारलं, "सिमरोल वाले घर में जीना है क्या? मेरे घुटने..."

वाक्य अर्धंच राहिलं. 

जिना नाही. मला माहीत आहे. हाजी साहेबांच्या वॉकरसाठी इद्रीसनी दाराचा उंबरासुद्धा काढून टाकलाय, आणि मागच्या आठवड्यात त्यांनीच मला म्हटलं होतं की अब्बांना सोबत होईल. अम्मींना नेलं तर मी मूर्ख ठरेन का, हे मी मलाच विचारून झालंय. उत्तर येत नाही. न नेण्याचा विचार पुरा होत नाही, एवढंच कळतं.

पण काल मी काही बोलले नाही. अरीबाला खाली बोलावलं, भात टाकला. अम्मी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

आज घरी गेल्यावर सांगेन, जिना नाही. आठ वर्षं मी वाट पाहिली. एक रात्र त्यांनीही पाहावी.